पाणी तपासायची एचटूएस कुपी: मराठवाड्यातल्या गावाला कितपत कामाची?

पाण्यात विष्ठेतले जिवाणू आहेत का ते सांगणारी ही कुपी दिसायला अगदी साधी असते: वीस मिलीची खूण, घट्ट झाकण आणि तळाशी सुकवलेल्या माध्यमाची, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याची, पट्टी नाहीतर भुकटी. पाणी भरायचं, एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं की ते पाणी पिणं थांबवायचं. मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी १९८२ मध्ये ही तपासणी मांडली. तिला ना वीज लागते ना सूक्ष्मदर्शक, म्हणून ती खेड्यापाड्यांत टिकली. प्रयोगशाळा गाठायला जिथून एसटीनं अर्धा दिवस जातो, त्या ग्रामपंचायतीनं ही घ्यावीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण तिच्या ‘हो’वर जितका भरवसा ठेवता येतो, तितका तिच्या ‘नाही’वर ठेवता येत नाही.

माध्यमात पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. विष्ठेबरोबर पाण्यात उतरणारे सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम असे जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एचटूएस, तयार करतात. तो लोहाशी जुळला की काळाकुट्ट आयर्न सल्फाइड होतो. ज्या ई. कोलायच्या नावानं पाण्याचे अहवाल निघतात, तो स्वतः सहसा कुपी काळी करत नाही. त्याच्यासोबत आतड्यातून आलेले बाकीचे करतात. म्हणून कुपी आणि प्रयोगशाळेचा अहवाल कधीकधी जुळत नाहीत. तेवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नये.

सगळ्यात जास्त घोळ नमुना घेताना होतो. रासायनिक तपासणीची बाटली आधी त्याच पाण्यानं विसळतात. तीच सवय इथं लावली तर माध्यम वाहून जातं आणि गटाराचं पाणी भरलं तरी कुपी काळी होत नाही. कुपी विसळायचीच नाही. तोटी लोखंडी असेल तर स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं शेकून घ्या, प्लास्टिकची असेल तर स्पिरिटनं पुसा, मग दोन-तीन मिनिटं धार सोडून द्या. हापशावर चांगलं पाच मिनिटं पाणी उपसा. झाकण ओट्यावर ठेवू नका, हातातच धरा. तोंडाच्या कडेला बोट लागू न देता खुणेपर्यंत भरा आणि माध्यम भिजेपर्यंत हलवा. लेबलवर जागा, तारीख आणि भरल्याची वेळ लिहा. वेळ लिहिली नसेल तर ती कुपी वाचताच येत नाही.

जिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं एका कुपीनं भागत नाही. मधले दिवस पाइप रिकामा पडतो, गळतीतून आजूबाजूचं घाण पाणी आत शिरतं आणि पाणी सुटलं की पहिल्या धारेबरोबर घरात येतं. तेव्हा एक कुपी धार न सोडता पहिल्याच पाण्याची भरा, दुसरी पंधरा मिनिटांनंतरची. पहिली काळी आणि दुसरी स्वच्छ असेल तर आधी त्या गल्लीतली गळती शोधा. दोन्ही काळ्या झाल्या तर टाकी आणि विहिरीकडं वळा. तिसरी घरातल्या बॅरलमधून घ्या. नळाचं पाणी चांगलं आणि बॅरलचं काळं, असं निघालं तर हात बुडवून तांब्या भरण्याची सवय तपासायला हवी.

वाचन चोवीस तासांनी आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तासांनी करा. तीस ते सदतीस अंश तापमान उत्तम. परभणीकडच्या पौषातल्या थंडीत खिडकीत ठेवलेली कुपी दोन दिवसांनीही गप्प बसते. ती कापसात गुंडाळून डब्यात ठेवा किंवा अंगावरच्या खिशात बाळगा. वैशाखात मात्र पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उष्णतेनं जिवाणूंची वाढच अडते.

बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर सावध राहा. त्यात आधीच विरघळलेला सल्फाइड असतो आणि कुपी काही मिनिटांत काळवंडते. जिवाणूंना एवढ्यात ते जमत नाही, त्यांना वाढायला कित्येक तास लागतात. अशा बोअरचा नमुना थेट प्रयोगशाळेत द्यावा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलीत एकही ई. कोलाय नको. कुपीत पाणी मावतं त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं. शंका असेल तेव्हा एकाच जागेच्या पाच कुप्या भरा. नवा खोका आला की आधी एक कुपी इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यानं आणि एक नाल्याच्या पाण्यानं भरून पाहा: पहिली काळी होता कामा नये, दुसरी झालीच पाहिजे. पहिलीसाठी उकळलेलं पाणी नको, क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू उकळूनही तगतात. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करा आणि मगच कुपी भरा.

काविळीचे विषाणू या कुपीला दिसत नाहीत. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत, म्हणजे हेपटायटिस ई मध्ये, दूषित पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. यकृताची बरीचशी हानी विषाणू थेट करत नाही. लागण झालेल्या पेशींवर तुटून पडणाऱ्या आपल्याच प्रतिकारपेशी करतात, आणि त्यांची फौज उभी राहायला वेळ लागतो. गावात डोळे पिवळे दिसू लागतात तोवर ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. अशा वेळी आजची कुपी स्वच्छ निघाली म्हणून तपास थांबवू नका. मागच्या दोन-अडीच महिन्यांत पाइप कुठं फुटला होता आणि टीसीएल किती दिवस पडलं नव्हतं, ते नोंदवहीत पाहा.

काळी कुपी उघडून वास घेऊ नका आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका; आत जिवाणू प्रचंड वाढलेले असतात. चमचाभर टीसीएल घाला, झाकण सैल ठेवून अर्धा तास थांबा आणि मग पाण्याच्या जागेपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.