कॉलिन्स कोबिल्ड : शब्दाला सोबतीसह मांडणारा कोश

‘इनएक्स्ट्रिकेबली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण अग्रलेखांत आणि परीक्षांच्या उताऱ्यांत वरचेवर भेटते. त्याला मराठीत ‘अविभाज्यपणे’ म्हणतात हे कळले की वाचन अडत नाही. मात्र तेवढ्यावर विसंबून लिहायला बसलेला विद्यार्थी दोन जिवलग मित्र ‘इनएक्स्ट्रिकेबली’ राहतात असे इंग्रजी लिहितो आणि व्याकरण बिनचूक असूनही ते वाक्य इंग्रजी वाटत नाही. अशा शब्दांसाठी मला कॉलिन्स कोबिल्ड हा इंग्रजी-इंग्रजी कोश सर्वांत उपयोगी वाटतो.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली तयार झालेला हा कोश १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. लोकांनी खरोखर लिहिलेल्या आणि बोललेल्या इंग्रजीचा मोठा संग्रह संगणकावर साठवून, त्यात शब्द कोणाच्या शेजारी बसतो हे पाहून त्याचा अर्थ ठरवायचा, ही त्यामागची पद्धत. म्हणूनच येथे व्याख्या पूर्ण वाक्यात येते : दोन गोष्टी ‘इनएक्स्ट्रिकेबली लिंक्ड’ असतील तर त्यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही, अशा धर्तीची. अर्थ समजता समजताच कर्ता वस्तू किंवा कल्पना असतो, सोबत ‘लिंक्ड’सारखे कृदन्त येते आणि क्रियाविशेषण त्याच्या आधी बसते, हेही वाचकाच्या ध्यानात येते. एका प्रतिशब्दाला हे साधणे अवघड आहे.

‘इन्सेपरेबल’ या विशेषणाशी तुलना केली की या पद्धतीचे मोल आणखी पटते. सतत एकत्र असणाऱ्या मैत्रिणींना ते विशेषण शोभते, आणि त्यापासून झालेले ‘इन्सेपरेबली’ ‘लिंक्ड’च्या आधीही चालते. ‘इनएक्स्ट्रिकेबली’च्या मुळाशी मात्र गुंत्यातून सोडवता न येण्याची लॅटिन कल्पना आहे, त्यामुळे गरिबी आणि आजारपण, भाषा आणि अस्मिता अशा एकमेकांत गुरफटलेल्या गोष्टींबद्दल बोलताना तोच शब्द नेमका ठरतो.

उणिवा आहेतच. पूर्ण वाक्यांमुळे नोंदी लांबतात आणि घाईत अर्थ शोधणारा कंटाळतो. शिवाय व्याख्येत ‘लिंक्ड’ वाचून विद्यार्थी तेवढेच एक कृदन्त धरून बसण्याचा धोका असतो. ‘बाउंड अप’, ‘इंटरट्वाइंड’, ‘कनेक्टेड’ हे सोबतीही तितकेच रुळलेले आहेत आणि ‘बाउंड अप’नंतर ‘विथ’ लागते, तर ‘लिंक्ड’नंतर ‘विथ’ किंवा ‘टू’ दोन्ही चालतात, हे शिक्षकाने वेगळे सांगायला हवे. इंग्रजीची पुरेशी बैठक नसलेल्या आठवी-नववीच्या मुलांच्या हाती हा कोश एकटा देऊ नये. त्यांनी आधी मराठी प्रतिशब्द पाहावा, मग येथील नोंद वाचावी आणि त्याच साच्यात स्वतःचे एक वाक्य लिहून शिक्षकांकडून तपासून घ्यावे.