जयपूरचा राजा की निजामाचा फोटोग्राफर?

एकोणिसाव्या शतकातल्या दरबाराचं रोजचं जगणं फोटोंत बघायचं, तर दोन संग्रह हटकून समोर येतात. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) स्वतःच कॅमेऱ्यामागे उभे राहत. हैदराबादच्या सहाव्या निजामाने या कामासाठी लाला दीनदयाळांना नेमलं होतं.

रामसिंहांच्या काळातलं तंत्र भलतंच कटकटीचं. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. तरी राजेसाहेब राजवाड्यातल्या फोटोखान्यात रमत. त्यांनी चक्क जनान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढले. रंगवलेल्या पडद्यापुढे बसून, चेहरा उघडा ठेवून, त्यातल्या काहीजणी थेट भिंगात बघतात. परक्या माणसाला हे मिळालंच नसतं. अर्थात, समोर खुद्द राजा असताना नकार तरी कोण देणार?

दीनदयाळ रुडकीला शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेले. इमारतींवर त्यांची नजर पक्की. शिकार, मेजवान्या, कवायती, झुंबरांचे दिवाणखाने, सगळं रेखीव. जनान्यासाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला, तोही एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली. पुढे १८९६ मध्ये मुंबईतही दुकान थाटलं.

थाटमाट बघायचा तर दीनदयाळच. मला मात्र माणसं बघायची असतात, म्हणून मी आधी जयपूरचे फोटो उघडतो. स्वयंपाकघर, मुदपाकातली धांदल मात्र दोघांकडेही शोधू नका.