शिष्यवृत्तीचा सराव संच: पेपर 2 साठी घ्या, गुणांच्या तक्त्यासाठी नको

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे दहा सराव पेपर, तेवढ्याच उत्तरपत्रिका, मागे उत्तरसूची. छापील किंमत 240 रुपये, पण वर्गासाठी एकदम घेतले तर दुकानदार 170 ला देतो. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातले बरेचसे संच याच साच्यातून निघालेले आहेत आणि पुढे जे लिहिते ते त्यांनाही लागू पडेल. मी संगमेश्वर तालुक्यात एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे, त्यामुळे हा संच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मुलांसोबत बसून सोडवून घेतलाय.

आधी चांगलं सांगते. आराखडा बरोबर आहे. खऱ्या परीक्षेसारखेच दर पेपरला 75 प्रश्न, 150 गुण, दीड तास. पेपर 1 मध्ये प्रथम भाषा 25 आणि गणित 50, पेपर 2 मध्ये तृतीय भाषा, म्हणजे इंग्रजी, 25 आणि बुद्धिमत्ता चाचणी 50. आकृत्या स्वच्छ छापल्यात. आरशातली प्रतिमा, घड्याळ, फासे, घडी घातलेला कागद, सगळं नीट दिसतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका संचात फाशांवरचे ठिपके एकमेकांत मिसळले होते आणि तीन की चार यावर वर्गात भांडण जुंपलं होतं. इथे तसं नाही.

उत्तरपत्रिकेचा कागद मात्र अगदीच पातळ. बॉलपेनने गोल रंगवला की मागे उमटतो. परीक्षेतला कागद जाड असतो आणि त्याची कार्बन प्रत मुलाला घरी न्यायला मिळते. इथे कार्बन नाही. तरीही हा सराव मी सोडणार नाही. आमच्या वर्गातल्या एकीने 31 वा प्रश्न कठीण म्हणून सोडला, पण गोल सोडायला विसरली. 32 चं उत्तर 31 समोर, 33 चं 32 समोर, अशी रांगच्या रांग एक घर वर सरकली. शेवटी एक गोल उरला तेव्हा तिने विचारलं, “बाई, 75 वा प्रश्न दोनदा सोडवायचा काय?” पुढचं गणित सगळं बरोबर, पण 31 पासून पुढचे बहुतेक गुण गेले. ही चूक घरच्या संचात झालेली बरी, कारण पेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही.

आता मुख्य तक्रार. प्रत्येक पेपरच्या शेवटी ‘तुमची पातळी’ असा एक तक्ता आहे. 60 च्या वर गुण पडले की ‘छान तयारी’, 100 च्या वर ‘शिष्यवृत्ती पक्की’. पालक नेमका हाच तक्ता बघतात. पण जरा हिशोब करा. चार पर्यायांपैकी एक निवडायचा आहे, चुकीला गुण कापत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला 2 गुण आहेत. प्रश्न न वाचता 75 गोल रंगवले तरी सरासरी 37-38 गुण पडतात. पात्र व्हायला पेपरला 40 टक्के, म्हणजे 60 गुण लागतात. 15 प्रश्न खरोखर येत असलेलं मूल उरलेल्या 60 प्रश्नांना अंदाजपंचे गोल रंगवून सरासरीने तिथे पोचतं. 75 पैकी 15! त्याला ‘छान तयारी’ म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही, पण मग नापास म्हणायचं कुणाला? शिवाय पात्र होणं वेगळं आणि शिष्यवृत्तीधारक होणं वेगळं. वर्षाचे 5000 रुपये मिळतात ते गुणवत्ता यादीत आलेल्याला, आणि ती यादी ग्रामीण-शहरी अशी वेगळी लागते. संचाच्या तक्त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

दुसरं, गुण चढतात ते कशाने? पहिल्या पेपरपासून दहाव्यापर्यंत माझ्या वर्गाचे गुण सुरेख चढत गेले. व्हॉट्सॲप गटावर अंगठ्यांचा पाऊस. मला शंका आली म्हणून मध्येच, ही परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जुनी प्रश्नपत्रिका दिली. बहुतेक मुलं परत पहिल्या पेपरच्या आसपास येऊन बसली. मग संच पुन्हा उलगडून पाहिला. दुसऱ्या सराव पेपरातल्या दुकानदाराने 12 वह्या विकल्या, सहाव्यातल्याने 15 पेनं, नवव्यात 18 छत्र्या. रीत तीच, उत्तराचा पर्यायही दोनदा तोच, तिसरा. मुलं दुकानदाराला ओळखायला शिकली होती. तोच प्रश्न उलटा विचारला, म्हणजे नफा देऊन खरेदीची किंमत विचारली, की सगळी गप्प.

बुद्धिमत्ता चाचणीतला एक प्रश्न इथे द्यायलाच हवा. गटात न बसणारं पद ओळखा: आंबा, काजू, फणस, चिकू. उत्तरसूची म्हणते फणस, कारण साल काटेरी. आमच्याकडे एकीने काजू लिहिलं, कारण त्याची बी फळाच्या बाहेर असते. एकाने चिकू लिहिलं. का रे? तर म्हणे, “कैरीची भाजी होते, कुयरीची होते, ओल्या काजूगरांची होते. चिकूची कोण करतं?” (कुयरी म्हणजे कोवळा फणस.) मला विचाराल तर या तिघांत जास्त विचार त्याने केलाय. पण 2 गुण काट्यांना. परिषदेच्या परीक्षेत निदान अंतरिम उत्तरसूची लागते, त्यावर आक्षेप घेता येतो, मग अंतिम सूची येते. इथे शेवटच्या पानावर फोन नंबर आहे, तो विक्री विभागाचा. तिथल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि किती प्रती हव्यात ते विचारलं.

शाब्दिक उदाहरणं लिहिणारा माणूस शहरातला आहे हे चौथ्या पेपरपर्यंत कळतं. सरकता जिना, मेट्रोचं कार्ड, मॉलमधला सेल. वजाबाकी येते, पण सरकता जिना म्हणजे काय यावरच पोर अडकतं. गणितात गावाकडची पाभर-कुळव घाला असं मी म्हणत नाही, मग पुण्याचं पोर अडकेल. एसटीचं तिकीट, वाणसामान, पाण्याची टाकी, एवढ्यात सगळ्यांचं भागतं.

यावरून मी परीक्षेच्याच विरोधात आहे असं समजू नका. आमच्या वाडीतलं मूल आणि पुण्यातलं मूल एकाच दिवशी एकच पेपर सोडवतं, असं त्या वयात दुसरं काय आहे? आणि पेपर 2 ने मला एक मुलगा दाखवला. वर्गात तोंड उघडत नाही, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब, वह्या बघवत नाहीत. फाशांचे आणि घडीच्या कागदाचे प्रश्न मात्र सगळे बरोबर, कच्चं काम न करता. वर्षभर शिकवून हे मला दिसलं नव्हतं. त्याची पेपर 2 ची बेरीज मात्र साधारणच होती, इंग्रजीने खाली ओढलेली. म्हणून आता मी एकूण गुण फळ्यावर लिहितच नाही. कुठल्या प्रकारात किती चुकलं तेवढंच वहीत टिपते. त्या कामाला हा संच उपयोगी आहे, कारण प्रश्नांवर घटकाचं नाव छापलंय.

एक सावधगिरी. 2016-17 पासून पाचवी-आठवीला असलेली ही परीक्षा आता पुन्हा चौथी-सातवीला नेली आहे. दुकानात याच संचावर ‘चौथीसाठीही उपयुक्त’ असा गोल स्टिकर चिकटवलेला दिसला. आत प्रश्न तेच आहेत, दशांश अपूर्णांक आणि विभाज्य-विभाजकासकट. चौथीच्या मुलाला ते देऊन रडवू नका. स्टिकर बघून घेऊ नका, आतलं गणिताचं पान उघडून बघा.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन आकृत्यांचे. घ्यायचाच असेल तर पेपर 2 ची पुस्तिका सुटी मागा. दुकानदार आधी नाही म्हणतो, मग 90 रुपयांना देतो. पेपर 1 साठी परिषदेच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसकट फुकट आहेत. झेरॉक्सवाल्याला दोन्ही बाजूंनी काढायला सांगा, नाहीतर तो एकाच बाजूने काढून दुप्पट पैसे लावतो.