३४ इंचांचा ओटा मला चालला नसता : नाशिकमध्ये स्वयंपाकघर नव्याने करून घेताना

इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर यंदा उन्हाळ्यात नव्याने करून घेतलं. फ्लॅट १९९६ चा. ओटा कडप्प्याचा, खाली सिमेंटचे कप्पे आणि त्यांना पडदा. काम शहरातल्याच एका मॉड्युलर किचनच्या दुकानाला दिलं. खर्च २ लाख ४६ हजार. ४५ दिवस सांगितले होते, ७३ लागले. पाचपैकी साडेतीन तारे देते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या चुका धरल्या त्या त्यांनी निस्तरून दिल्या. पण त्या धरायला रोज तिथे उभं राहावं लागलं, आणि ज्यांना तसं राहता येणार नाही त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

दुकानातल्या मुलीने कॉम्प्युटरवर थ्रीडी चित्र करून दाखवलं. चित्र सुंदर होतं. भिंतींची मापं तिने लेझरने काटेकोर घेतली, पण स्वयंपाक कोण करतं, किती माणसांचा करतं, हे एकदाही विचारलं नाही. माझी उंची ४ फूट ११ इंच. चित्रात ओटा ३४ इंच. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, हे स्टँडर्ड आहे, सगळ्यांकडे हेच असतं." आता त्या ३४ इंचांवर पाच इंचांची शेगडी, शेगडीवर कुकर, आणि कुकरचं झाकण लावायला हात खांद्याच्याही वर.

सही करण्याआधी मिस्त्रींना मी एक विनंती केली. त्यांनी जुन्या कडप्प्यावर पाऊण इंची प्लायचे तुकडे रचून बरोबर ३४ इंच उंची करून दिली. त्यावर परात ठेवली आणि बाजरीचं पीठ मळायला घेतलं. तळहाताने पीठ रेटताना कोपर वर उचललं जात होतं, अंगाचा जोर पिठात उतरतच नव्हता, सगळा भार मनगटावर. भाकरी थापली तर कडेला चिरली आणि मध्ये जाड राहिली. मिस्त्रींनी एक तुकडा काढला, मग दुसरा, मग तिसरा. पावणेबत्तीस इंचांवर हात आपोआप सैल पडले, भाकरी परातीत गरगर फिरायला लागली. मग टेप घेऊन मोजलं. माझं कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर येतं. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत तंतोतंत जुळलं. कणीक-भाकरीचं काम रोजचं असेल तर सहाच्या बाजूला झुका.

सिंकचं गणित उलटं आहे. सिंक आठ इंच खोल, म्हणजे हात ओट्याच्याही खाली चालतात. आमच्याकडे भांडी मुलगा आणि सून घासतात, दोघंही उंच. म्हणून एल आकाराच्या ओट्याची सिंककडची बाजू ३४ इंच ठेवली आणि गॅसची बाजू पावणेबत्तीस. दुकानदार म्हणाले, दोन पातळ्या दिसायला बऱ्या दिसणार नाहीत. मला त्यात काही वाईट दिसत नाही, आणि सुनेची पाठ दुखायची थांबली आहे.

दुसरी गोष्ट भांड्यांची. चित्रात गॅसखाली ४५० मिलिमीटरचे तीन ड्रॉवर होते, वरच्यात काटे-चमचे ठेवायचा ट्रे. सासूबाईंची भांडी बाजारातून घेतलेली पितळी परात १८ इंचांची, म्हणजे ४५७ मिलिमीटर. ४५० च्या कप्प्यात दोन्ही बाजूंचा प्लाय आणि ड्रॉवरच्या पट्ट्या वजा केल्या की चारशेच्या आत जागा उरते. परात जाणारच नव्हती! मी घरातली सगळी मोठी भांडी हॉलमध्ये मांडली. परात, पुरणाचं पातेलं, इडलीपात्र, दहा लिटरचा कुकर. प्रत्येकाची रुंदी आणि उंची वहीत लिहून वही त्या मुलीच्या हातात दिली. तिने चित्र बदललं, ६०० मिलिमीटरचा खोल ड्रॉवर काढला, आणि प्रामाणिकपणे म्हणाली की असं आजवर कुणी दिलं नव्हतं. ताटांच्या तारेच्या बास्केटचंही तसंच. आमची ताटं काठाची आहेत, त्या खाचांमध्ये बसत नाहीत. ती बास्केट रद्द केली, साडेचार हजार वाचले.

आता साडेतीन तारे का, ते सांगते. कोटेशनमध्ये सिंकखाली मरीन प्लाय लिहिला होता. मरीन म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा. साधा एमआर प्लाय आयएस ३०३ मध्ये येतो. तो ओल थोडीफार सोसतो, सततचं पाणी नाही. माल उतरला त्या दिवशी मी प्रत्येक शीटवरचा शिक्का वाचत गेले. दोन शीटवर ७१० होतं, तिसऱ्यावर ३०३ आणि पुढे एमआर. सिंकचं कपाट नेमकं त्या तिसऱ्यातून कापलेलं निघालं. फोन केला तर उत्तर आलं, "काकू, दोन्ही वॉटरप्रूफच असतात."

मी वाद घातला नाही. दोन्ही प्लायचे काडेपेटीएवढे तुकडे मिस्त्रींकडून मागून घेतले आणि जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सकाळी नऊला उकळत ठेवले. खऱ्या मरीन प्लायला कसोटीत ७२ तास उकळून बघतात, मी संध्याकाळी सहापर्यंतच ठेवले. दुपारी जेवायला बसलो तेव्हाच एमआरच्या तुकड्याच्या कडा फुगल्या होत्या. सहा वाजता चिमट्याने उचलला तर वरचा पापुद्रा वहीच्या पानासारखा सुटून आला, आत पिवळट लगदा. मरीनचा तुकडा काळपट पडला होता, पण अखंड. दोन्ही तुकडे पिशवीत घालून दुकानात नेले आणि टेबलावर ठेवले. मालक बराच वेळ हातात धरून बघत होते. नंतर म्हणाले, बदलून देतो. सिंकचं कपाट मोडून नवीन यायला अकरा दिवस गेले. मला अजूनही वाटतं की हे त्यांना आधी माहीत असायला हवं होतं. लोक आयुष्यात एकदा स्वयंपाकघर करतात, त्यात फसवणूक झाली तर ती दोन पावसाळ्यांनंतर कळते आणि तोवर पैसे पोचते झालेले असतात. तुम्ही उकळत बसू नका, पण शिक्का जरूर वाचा. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण रोज टोचतील अशा. चित्रात फ्रिज कोपऱ्यात भिंतीला चिकटून होता, दार जेमतेम उघडायचं आणि भाजीचा ट्रे बाहेर येणार नव्हता. भिंतीपासून सहा इंच सरकवून घेतला. ट्यूबलाइट ओट्याकडे तोंड केल्यावर पाठीमागे येत होती, म्हणजे कांदा चिरताना स्वतःचीच सावली पाटावर. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी लावायला लावली. प्लग ओट्यावर दोनच दिले होते, तेही ६ अँपियरचे. मिक्सर त्यावर चालतो, मायक्रोवेव्हला १६ चा हवा. चार करून घेतले. टाइल लागल्यावर हे सुचलं असतं तर भिंत पुन्हा फोडावी लागली असती.

सिलिंडरचं कपाट त्यांनी सगळीकडून बंद केलं होतं, खालची स्कर्टिंगसुद्धा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. दाराला खाली जाळी हवीच. आमच्या भागात पाइपचा गॅस येऊ घातलाय. तो हवेपेक्षा हलका, वर चढतो. म्हणून जाळी वर आणि खाली, दोन्हीकडे बसवून घेतली. यावर मात्र दुकानातून कुणी हूं की चूं केलं नाही.

कोपऱ्यासाठी फिरत्या जाळ्यांचं महागडं सामान सुचवत होते. आम्ही अजून वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्येच भरतो, एरंडेल लावून. कोपऱ्यात साधं दार ठेवलं आणि आत पत्र्याची कोठी. महिन्यातून एकदा हात जातो, त्याला वाकलं तरी चालतं. ज्या गोष्टीला रोज दहा वेळा हात लागतो ती कमरेच्या आणि डोळ्यांच्या मधे हवी. आमच्याकडे अशा गोष्टी म्हणजे मसाल्याचा डबा, चहा-साखर, तेलाची किटली आणि मिठाची बरणी.

एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात माठ लागतो आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून पिण्याच्या पाण्याचं पिंपही. दोन्हीला जागाच ठेवली नाही. सध्या माठ खिडकीखाली तिवईवर आहे आणि येताजाता पायात येतो.

मिस्त्रींबद्दल वेगळं लिहायला हवं. ग्रॅनाइटला सिंककडे ढाळ त्यांनी न सांगता दिला, पुढच्या कडेखाली बारीक खाच मारली, त्यामुळे सांडलेलं पाणी कडेवरच थेंब होऊन पडतं, कपाटाच्या दारांवरून ओघळत नाही. अंगावरही येत नाही. दोन उंचींच्या जोडावरची कड त्यांनी तीनदा घासली, कारण सुनेचा पदर तिथे अडकला होता आणि ते त्यांनी पाहिलं होतं. दुकानाचे साडेतीन, त्यांचे पाच.

सिंकखालच्या डाव्या दाराचं बिजागर अजून थोडं खाली बसतं, दार लागताना घासतं. गुरुवारी माणूस पाठवतो म्हणाले आहेत. माठासाठी खिडकीखाली दगडी कट्टा करून द्यायचंही मिस्त्रींनी त्याच दिवशी कबूल केलंय, माप मी घेऊन ठेवलं आहे, १४ इंच बाय १४ इंच.