तीनशे वॅटचं स्टिकर

बेस गिटारसाठी अ‍ॅम्प घ्यायला दुकानात गेलात, तर आधी सगळ्यात जाड तार मोकळी वाजवा आणि आवाज अर्ध्याच्या वर नेऊन ती धरून ठेवा. दुकानदार ती वाजवू देत नसेल तर तिथूनच माघारी फिरा. सोलापुरातल्या एका दुकानात माझे 26 हजार गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण माल कसा खपवला ते कळायला हवं, कारण आमच्या ओळखीतल्या आणखी एका कीबोर्डवाल्यालाही अगदी अशाच पद्धतीने डबा विकला गेलाय.

गणपतीच्या तोंडावर माझा जुना अ‍ॅम्प जळाला. सीझनमध्ये ऑर्केस्ट्रावाल्याची घाई दुकानदाराला चेहऱ्यावरूनच कळते. "सर, तीनशे वॅट आहे, मैदान हलंल," म्हणाला. पुढच्या जाळीवर चकचकीत स्टिकर, त्यावर मोठ्या अक्षरात 300. मग त्यांच्या पोराने बेस उचलून स्लॅप सुरू केला. अंगठ्याचा ठोका, बोटाचा झटका, सगळं दुकान खणखणलं. मध्येच ब्लूटूथवर गाणं, निळे दिवे, रिव्हर्ब. मी ई, म्हणजे सगळ्यात जाड तार वाजवायला हात पुढे केला तर, "शेजारचे ओरडत्यात सर, दुपारची वेळ हाय."

खरी मेख इथे आहे. स्लॅपमधला कानाला भिडणारा भाग मधल्या आणि वरच्या स्वरांचा असतो, आणि साध्या गिटारचा स्पीकरही तो झकास वाजवून दाखवतो. बेसची मोकळी ई मात्र सुमारे 41 हर्ट्झवर असते, पाच तारांच्या बेसची बी 31 च्या आसपास. गिटारची जाड ई 82 वर, म्हणजे एक सप्तक वर. गिटारच्या स्पीकरचा पडदा कडक, त्याची पुढे-मागे हालचाल थोडी, आणि साधारण 75 ते 100 हर्ट्झच्या खाली तो हात टेकतो. आता कुणी म्हणेल, बेसच्या चांगल्या कॅबिनेटमधूनही, म्हणजे स्पीकरच्या पेटीतूनही, 41 चा मूळ स्वर पूर्ण ताकदीने येत नाही, कान वरच्या 82 वरूनच स्वर ओळखतो. बरोबर आहे. पण बेसचा स्पीकर तेवढा धक्का सोसतो. गिटारचा फडफडतो.

तसंच झालं. मंडपात ड्रम आणि ऑक्टोपॅड सुरू झाले आणि बेस गायब. आवाज चढवला तर कागद फाटल्यासारखी फडफड. पुढे हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमात साऊंडवाल्याने डीआय आउटमधून, म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज थेट मिक्सरला द्यायच्या सॉकेटमधून, लाइन घेतली, तर स्टेजचे दिवे मंद केले की लगेच गुर्रर्र. त्याने वायर बदलली, चॅनल बदलला. शेवटी म्हणाला, "दादा, ह्यात काहीतरी घोळ हाय, उघडून बघा."

ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे डबा उघडला. उघडताना पहिल्या स्क्रूपासून मोबाइलवर व्हिडिओ काढला, हे फार बरं झालं. आत टीडीए 7294 नावाचा एकच आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप. चांगला आयसी आहे, पण त्यातून स्वच्छ आवाज निघतो तो फार तर 70 वॅटचा. ट्रान्सफॉर्मर त्याला शोभेल एवढाच, मुठीत मावणारा. स्पीकरच्या चुंबकावर "बेस 300 वॅट" असं स्टिकर होतं, काकांनी नखाने सोललं. खाली मूळ छपाई: गिटार, 60 वॅट, 8 ओहम. डीआयचं सॉकेट बाहेरून तीन पिनांचं, आत मात्र तिसरी पिन सरळ अर्थला जोडलेली. म्हणजे लांब वायरमधला खरखराट कापायची जी सोय त्या सॉकेटसाठी असते, तीच मारलेली.

मागच्या पाटीवर विजेचा वापर 90 वॅट लिहिला होता. यावरून मी तिथेच तावातावाने बोलायला लागलो तर काकांनी थांबवलं. चांगल्या कंपन्याही कधी पाटीवर सरासरी वापर छापतात, त्यामुळे तो आकडा अ‍ॅम्पच्या ताकदीपेक्षा कमी दिसू शकतो. एकट्या पाटीवरून निकाल लावू नये. पाटी, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे चारही एकच गोष्ट सांगायला लागले की मग शंका राहत नाही.

वॅटच्या आकड्यालाच आपण फार भुलतो. 100 चे 200 वॅट झाले तर आवाजात फरक पडतो 3 डेसिबलचा, एवढाच. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद लिहिलेला आकडा तर बघूच नका, आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद किती आणि किती ओहमवर (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) ते विचारा. 4 ओहमवर 300 देणारा अ‍ॅम्प 8 ओहमच्या एकाच कॅबिनेटला बरंच कमी देतो. दोन कॅबिनेट लावणार असाल तर आठ-आठची समांतर जोडून 4 होतात, चार-चारची जोडलीत तर 2 होतात आणि बहुतेक अ‍ॅम्प तिथे तापून बसतात. ड्रमवाल्यासोबत वाजवायचं तर खरे 200-300 वॅट, बेससाठीच केलेला स्पीकर आणि खरा डीआय. माझ्या मते बाकी सगळी सजावट. ब्लूटूथ तर मला अजून एकाही कार्यक्रमात लागलेलं नाही.

दुकानदाराकडे गेलो तर त्याचं पहिलं वाक्य, "उघडला म्हणजे वॉरंटी संपली." बिल त्याने कच्चं दिलं होतं, त्यावर "म्युझिक बॉक्स 1 नग" एवढंच. पक्कं मागितलं तेव्हा जीएसटी वेगळा पडेल म्हणाला होता. पण पैसे यूपीआयने दिलेले, आणि विकायच्या आधी त्यानेच व्हॉट्सअ‍ॅपवर "300 वॅट आरएमएस बेस अ‍ॅम्प" असं लिहून फोटो पाठवला होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्याचा सूर बदलला. डबा परत द्या, 10 हजार घ्या. मी नाही म्हटलं.

मग नवीन मुद्दा काढला: तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून पुष्कळ वाजवणारे गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेल्या वस्तूला या धंद्याच्या अटीतून सूट आहे, म्हणजे घेणारा ग्राहकच ठरतो. जिल्हा आयोगाकडे 5 लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या तक्रारीला फी नाही, मुदत 2 वर्षांची. मी अर्ज दिलाय. सोबत व्हिडिओ, यूपीआयची पावती, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आणि काकांचं सहीचं पत्र जोडलंय. तारीख अजून लागायची आहे, तोवर कार्यक्रमांना मित्राचा अ‍ॅम्प भाड्याने घेतो.