रिमिक्सवरून रिॲक्ट राउटर ७ वर जावं का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये रिमिक्स हे रिॲक्टवर वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क रिॲक्ट राउटर ७ मध्ये, म्हणजे पानांचे पत्ते (राउट) सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या सातव्या आवृत्तीत मिसळलं. सगळं पुन्हा लिहावं लागेल ही जुन्या वापरकर्त्यांची धास्ती फोल. आधी रिमिक्स २ वरच फ्यूचर फ्लॅग (पुढच्या आवृत्तीचं वागणं आधीच चालू करणारे स्विच) एकेक करून चालू करा, मग कोडमॉड (कोड आपोआप बदलणारी स्क्रिप्ट) चालवा. पॅकेजांची नावं, इम्पोर्टच्या ओळी तो बदलतो. राउट कॉन्फिगच्या फ्लॅगला ॲप फोल्डरात राउट्स.टीएस ही फाइल लागते, जुनी फाइलनावं टिकवायची तर तिच्यात फ्लॅटराउट्स (फाइलनावांवरून राउट ठरवणारं फंक्शन) बोलवा. डेटा जेसन रूपात परत करणारा जेसन हेल्पर गेला, साधा ऑब्जेक्टच परत करा. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड किमान २० हवं. नाव मात्र डोकं फिरवतं: लायब्ररीही तीच, फ्रेमवर्कही तेच! वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या दुकानांच्या साइट सांभाळणाऱ्यांनी नवरात्राच्या तोंडावर याला हात लावू नये.