विजेचं काढ्याचं भांडं आणि घरचे चिनी उपाय : सिंगापुरात वर्षभर वापरून

मागच्या आठवड्यात आमच्या विजेच्या काढ्याच्या भांड्याला तळापासून तोटीपर्यंत तडा गेला. सर्व्हिस काउंटरवर उत्तर मिळालं, की वॉरंटी फक्त खालच्या हीटरला आहे, वरचं चिनीमातीचं भांडं त्यात येत नाही. नुसतं वरचं भांडं घ्यायचं तर नव्या सेटच्या निम्म्याहून जास्त पैसे. अहो, ज्या भांड्यात काढा शिजतो तेच वॉरंटीत नसेल तर वॉरंटी कसली देता? तासभर रांगेत उभं राहून हे ऐकल्यावर डोकं तापलं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

किती लिटर, किती वॉट, टायमर कसा लावायचा हे तुम्हाला दुकानात कळेलच. तोटीबद्दल मात्र कुणी सांगत नाही. तोटी जिथे भांड्याला जोडलेली असते तिथे आतून पाच-सहा भोकं असतात, ओतताना साली-मुळं आत राहावीत म्हणून. शेवंतीच्या पाकळ्या शिजून लगदा झाल्या की त्या भोकांत बसतात. गोजी बेरी, म्हणजे ते लहान लाल सुकं फळ, फुगून नेमकी भोकाच्या मापाची होते. ज्येष्ठमधाचे तंतू भोकातून पलीकडे जातात आणि तोटीच्या बाकात अडकतात. तिथे बोट पोचत नाही, बाटलीचा ब्रश वळत नाही. दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश आणून मी तो गाळ खरवडून काढायची. एक दिवस राहिलं, तर इथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस वास. काढता येणारी साधी स्टीलची जाळी बसवली असती तर हा सगळा जाच वाचला असता. रोज वापरायच्या वस्तूत एवढा विचार न करणं मला अक्षम्य वाटतं.

तरीही पहिले काही महिने मी मंडळातल्या मैत्रिणींना हे भांडं आवर्जून सुचवत होते. कारण चिनी काढ्याची पद्धत शिस्तीची आहे आणि यंत्र ती सांभाळतं. वनस्पती आधी अर्धा तास गार पाण्यात भिजवायच्या, मोठ्या आचेवर उकळी आणायची, मग आच मंद. शिंपल्यासारख्या कठीण वस्तू आधीपासून उकळायच्या, पुदिना अगदी शेवटी घालायचा. तोच चोथा पुन्हा उकळून दोन्ही पाणी एकत्र करायचं. इथले जुने लोक तीन वाट्या पाण्याची एक वाटी करा म्हणून सांगतात. आपल्याकडेही काढा चतुर्थांश नाहीतर अष्टमांश उरवायचा म्हणतातच, त्यामुळे हाताला अंदाज होता.

लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम टाळायचं, हा नियम बरोबर आहे. साली-मुळांतल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन काढा काळा पडतो. पण चांगल्या स्टीलला ही अडचण नाही. भांडं फुटल्यावर मी तोच काढा स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात केला आणि चहाच्या गाळणीने गाळला. चवीत, रंगात मला काहीच फरक वाटला नाही. तेव्हा आता माझं मत बदललंय : हे भांडं घेऊ नका. मातीचंच हवं असेल तर मेडिकल हॉलमध्ये, म्हणजे इथल्या चिनी जडीबुटीच्या दुकानात, तारेच्या जाळीत बांधलेलं साधं भांडं मिळतं, ते घ्या.

आता उपायांबद्दल. मला सगळ्यात आवडला तो वाफवलेला पेअर. वरचं टोक झाकणासारखं कापायचं, चमच्याने बिया आणि गाभा कोरून काढायचा, आत खडीसाखर आणि पाच-सहा गोजी बेरी, झाकण परत बसवून वाटीत ठेवायचं आणि मोदकपात्रात पाऊण तास वाफवायचं. आतमध्ये पारदर्शक रस साठतो. कोरड्या खोकल्यात घसा खवखवायचा थांबतो, आणि धाकटा तो मागून घेतो. दुकानातलं 'पी पा को' सिरपही आम्ही वापरतो. त्यात लोक्वाट या फळझाडाची पानं असतात आणि मधामुळे ते दाट असतं. मधाने मुलांचा खोकला थोडा हलका होतो याला अभ्यासांचा आधार आहे, त्यामुळे त्यातलं श्रेय मधाचं किती आणि पानांचं किती हे मी ठरवू शकत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र ते अजिबात नाही, मध आहे त्यात. घरात मधुमेह असेल तर लेबलवरची साखर आधी वाचा.

बसमध्ये मळमळण्यावर मनगटावरचा नेइग्वान हा बिंदू. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं, दोन कंडरांच्या (ताठ दोऱ्यांसारख्या लागतात त्या) मधोमध. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग होतो असं चाचण्यांत दिसलं आहे. आमच्या थोरल्याला मलेशियातल्या मलाक्काच्या प्रवासात हमखास उलटी व्हायची, आता तो स्वतःच अंगठ्याने दाबत बसतो. दर वेळी चालतंच असं नाही, पण फुकट आहे, औषधाची गुंगी नाही. मॉक्सा म्हणजे अंगाजवळ धरून जाळायची सुकी वनस्पती; तिच्या धुराने आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांना शिंका आल्या, तो प्रकार बंद.

'हीटी' आणि 'कूलिंग' हे इथलं रोजचं बोलणं सासूबाईंना पहिल्याच दिवशी कळलं. मिरजेत उष्णता वाढली की त्या धने-जिऱ्याचं पाणी आणि गुलकंद देतात, इथे शेवंतीचा चहा. त्यामुळे त्यांना हे सगळं घरचंच वाटलं, आणि माझी काळजी तिथूनच सुरू झाली. हृदयाच्या झडपेमुळे त्यांना वॉरफरिन चालू आहे. गुडघ्यांसाठी कुणीतरी दांगग्वेई या चिनी मुळाचं सूप सांगितलं म्हणून आम्ही दोघी मेडिकल हॉलमध्ये गेलो. गल्ल्यावरच्या आंटींनी मुळं तोलायला घेतली आणि सहज विचारलं, "आजी रक्त पातळ करायची गोळी घेतात का?" हो म्हटल्याबरोबर त्यांनी मुळं परत खणात टाकली. "मग हे नाही. दानशेनचं मूळही नाही. गोजीसुद्धा डॉक्टरांना विचारून." विक्री सोडून दिलेला हा सल्ला माझ्यासाठी वर्षातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पुढे आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, शिवाय दुखण्यावर चोळायची तेलंही थांबवली. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून आत जातं आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवतं.

याच्या अगदी उलट अनुभव एका क्लिनिकचा. माझ्या ॲसिडिटीसाठी पावडरची पांढरी बाटली दिली, लेबलवर माझं नाव आणि "दोन चमचे, दोनदा". आत काय आहे विचारलं तर "पोटाचं मिश्रण". 2000 च्या कायद्यानंतर सिंगापुरात चिनी वैद्यांना नोंदणी लागते, तयार चिनी औषधांत पारा, शिसं, आर्सेनिक किती चालेल याच्या मर्यादा आहेत. एवढी व्यवस्था असताना मला माझ्या बाटलीतली नावं का मिळू नयेत? तीन फोन केल्यावर यादी आली. त्यात ह्वांगल्येन हे मूळ होतं, आणि आपल्या दारुहळदीत असतं तेच बर्बेरिन त्यात असतं. मी तेव्हा धाकट्याला अंगावर पाजत होते आणि त्याला जी-सिक्स-पी-डीची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी सांभाळणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता आहे. अशा बाळांना बर्बेरिनमुळे कावीळ होईल या भीतीने याच देशात 1978 पासून कित्येक वर्षं ह्वांगल्येनवर बंदी होती. आता बंदी उठली असली, तरी अशा बाळाच्या आईला आधी विचारायला नको? बाटली मी परत केली. पैसे मिळाले नाहीत.

तुम्ही घ्याल तेव्हा लेबलवर नावं लिहूनच घ्या, आणि त्याचा फोटो काढून आपल्या डॉक्टरांना दाखवा.

ग्वा शा राहिलं. यांची मान-खांदे आखडतात तेव्हा मी तेल लावून चिनीमातीच्या सूपच्या चमच्याच्या कडेने वरून खाली खरवडते. लालजांभळे वळ उठतात, तीन-चार दिवस राहतात, मान मोकळी होते. मुलांना मी करत नाही, सासूबाईंना तर नाहीच. आणि तापात कुणालाच नाही. शेजारी उष्माघाताचा ताप म्हणून पाठ खरवडतात, पण सिंगापुरात ताप म्हणजे डेंगी असू शकतो, त्यात प्लेटलेट्स उतरतात आणि त्वचेखाली रक्त साकळलेलं डेंगीमुळे की चमच्यामुळे हे डॉक्टरांनाही कळायचं नाही. आमच्याकडे ताप दुसऱ्या दिवशी टिकला की आल्याचा चहासुद्धा बाजूला ठेवून पॉलिक्लिनिकमध्ये रक्त तपासायला जातो.